टाके विरघळेपर्यंत : योनीमार्ग आवळण्याच्या शस्त्रक्रियेनंतरचे दुखणे आणि सावरणे

आमच्या भागात बाई ओपीडीत येते ती बहुधा कंबरदुखीचे कारण सांगून. केसपेपर पुढे सरकतो, रक्तदाब मोजून होतो, आणि सोबतची जाऊ किंवा नणंद बाहेर गेल्यावर ती हळू आवाजात खरे सांगते : "अंग बाहेर येतंय", "खोकलं की लघवी सुटते", "खाली सगळं सैल झालंय". मराठवाड्यातल्या स्त्रीरोग वॉर्डात परिचारिका म्हणून काम करताना ही वाक्ये मी इतक्यांदा ऐकली आहेत की, शस्त्रक्रिया ठरलेल्या बाईला कोणकोणते प्रश्न पडणार हे मला तिने विचारण्याआधीच ठाऊक असते. किती दुखेल, किती दिवस दुखेल, शौचाला बसताना टाके तुटतील का, शेतात कधी जाता येईल, आणि सगळ्यात शेवटी, नजर खाली करून विचारलेला, नवऱ्याजवळ कधी जाता येईल हा प्रश्न. त्यांची उत्तरे ज्या क्रमाने लागतात त्याच क्रमाने येथे लिहिली आहेत. आपल्या सर्जनने वेगळे काही सांगितले असेल तर तेच पाळावे, कारण आत कुठे आणि किती टाके घातले हे त्यांनी पाहिलेले असते.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचे सारे तिच्यावर उभे आहे. या शस्त्रक्रियेत दुखणे आधी थांबते आणि जखम नंतर भरते. तिसऱ्या आठवड्यात बाईला वाटते की आपण बऱ्या झालो, आणि नेमक्या त्याच सुमारास आतला टाका कमजोर झालेला असतो.

नेमके काय केलेले असते

"योनीमार्ग आवळणे" हे बोलण्यातले नाव झाले. केसपेपरवर डॉक्टर बहुधा पोस्टिरियर कोल्पोराफी, पेरिनिओराफी किंवा पेरिनिओप्लास्टी असे लिहितात. योनीची मागची भिंत, म्हणजे गुदाशयाच्या बाजूची, उघडून बाळंतपणात ताणले गेलेले पापुद्रे एकमेकांजवळ आणून शिवले जातात, जादा झालेले अस्तर थोडे कापले जाते, आणि योनी व शौचाची जागा यांच्यामध्ये जो स्नायूंचा पट्टा असतो, त्याची फाटलेली टोके शोधून ती पुन्हा जोडली जातात. पुढची भिंत उतरून मूत्राशय खाली आले असेल, तर त्याच वेळी तीही शिवतात. भूल बहुतेक वेळा कमरेतून दिली जाते.

अंग बाहेर येणे (योनीची भिंत किंवा गर्भपिशवी खाली उतरणे), शौच अडकून राहणे, बाळंतपणातली जुनी फाट नीट न जुळलेली असणे या त्रासांसाठी ही शस्त्रक्रिया फार वर्षांपासून होत आहे. केवळ सैलपणा वाटतो म्हणून करायची असेल तर मात्र थांबून विचार करावा. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००७ मध्येच स्पष्ट केले होते की, निव्वळ सौंदर्यासाठी किंवा शरीरसुखासाठी केल्या जाणाऱ्या अशा शस्त्रक्रियांच्या परिणामकारकतेचा आणि सुरक्षिततेचा पुरेसा पुरावा नाही. टाक्यांशिवाय लेझरने योनी आवळून देण्याच्या जाहिराती आता आपल्याकडेही दिसतात. त्या यंत्रांबाबत अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१८ मध्ये भाजणे, व्रण पडणे आणि संबंधाच्या वेळी दुखणे यांचा इशारा दिलेला आहे. मूल हवे असेल तर शस्त्रक्रिया पुढे ढकलावी, कारण पुढच्या नैसर्गिक बाळंतपणात केलेली दुरुस्ती पुन्हा ताणली जाऊ शकते.

"नवऱ्यासाठी करून घे" असे कोणी म्हणत असेल, तर मी त्या बाईला एकटीला बसवून विचारते की तुला स्वतःला काय त्रास आहे. बीडच्या ऊसतोड कामगार बायांच्या गर्भपिशव्या काढण्याचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला आणि राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. शरीरावरचा निर्णय दुसऱ्याने घेतला की काय होते, हे मराठवाड्याला वेगळे सांगायला नको. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेण्यात पहिल्या डॉक्टरांचा अपमान होत नाही.

भरती होण्याआधी घराची तयारी

पहिली तयारी मिश्री बंद करण्याची. तंबाखूतल्या निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि जखमेला पुरेसे रक्त मिळत नाही. मिश्री दातांना लावली काय आणि विडी ओढली काय, निकोटिन रक्तात जातेच. शस्त्रक्रियेच्या किमान चार आठवडे आधी ती सोडावी आणि जखम भरेपर्यंत पुन्हा हातात धरू नये. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात आणल्याशिवाय तारीख मागू नये. जुनाट खोकला आणि बद्धकोष्ठ यांचाही इलाज आधीच करून घ्यावा, कारण प्रत्येक ढास आणि प्रत्येक कुंथणे थेट टाक्यांवर येते.

दुसरी तयारी माणसांची. सहा आठवडे पाणी कोण भरणार, भाकरी कोण थापणार, जनावरांचे शेण कोण काढणार, याचे उत्तर नावानिशी ठरवावे. "बघू कसं तरी" असे म्हणून निघू नये. ऊसतोडीला जाणाऱ्या घरातल्या बाईने दिवाळीच्या तोंडावर ही शस्त्रक्रिया करून घेऊ नये, कारण कोयता लागला की गाडी कोणासाठी थांबत नाही. उन्हाळ्यात शेतीची कामे कमी असतात, म्हणून अनेकजणी एप्रिल-मे निवडतात. पण त्याच महिन्यांत आमच्याकडे टँकरची वाट पाहावी लागते, घामाने जांघा ओल्या राहतात, आणि स्वच्छतेला लागणारे पाणीच कमी पडते. घरात पाण्याची सोय आणि हाताखाली माणूस असेल तर हिवाळा सर्वांत बरा.

तिसरी तयारी वस्तूंची. घरात उकिडवे बसण्याचा संडास असेल तर मेडिकलमध्ये मिळणारी कमोडची खुर्ची आणून ठेवावी. ती भाड्यानेही मिळते. एक रुंद प्लॅस्टिकचा टब फक्त शेक घेण्यासाठी वेगळा ठेवावा आणि त्यात कपडे भिजवू नयेत. सुती सॅनिटरी पॅड, सैल सुती निकर, आणि शौच मऊ ठेवणारे डॉक्टरांनी लिहून दिलेले औषध आधीच घरात असावे.

अंग बाहेर येण्यासाठी शस्त्रक्रिया असेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ती बसते का, हे योजनेत असलेल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड आणि आधार दाखवून भरती होण्याआधीच विचारावे. केवळ सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया योजनेत धरली जात नाही.

पहिला दिवस

भूल उतरायला काही तास लागतात. तोवर पाय जड, परके वाटतात आणि खाली काहीच जाणवत नाही. आत औषधी पट्टीचा बोळा बहुधा एक दिवस ठेवतात. त्यामुळे शौचाला लागल्यासारखा दाब सतत वाटत राहतो. हा दाब बोळ्याचा असतो, त्यासाठी कुंथायचे नाही. लघवीची नळी एक-दोन दिवस असते. नळी काढल्यावर चार ते सहा तासांत लघवी मोकळी झाली पाहिजे. न झाल्यास सिस्टरला लगेच सांगावे, कारण तुडुंब भरलेले मूत्राशय टाक्यांवर दाब देते. हे सांगायला लाजून रात्रभर तळमळत राहिलेल्या बाया मी पाहिल्या आहेत.

बिछान्यातून उठताना पाठीवरून सरळ उठू नये. आधी गुडघे दुमडून कुशीवर वळावे, पाय खाली सोडावेत, आणि हाताच्या आधाराने वर यावे. खोकला किंवा शिंक आली तर टॉवेलची घडी खालच्या जागेवर हाताने दाबून धरावी. याने दुखणे खरोखर निम्मे वाटते. परवानगी मिळताच वॉर्डात थोडे चालावे, कारण पडून राहिल्याने पायाच्या शिरांमध्ये रक्ताची गाठ होण्याचा धोका वाढतो. उठून बसल्यावर फार डोके दुखत असेल आणि आडवे झाले की थांबत असेल, तर ते कमरेच्या भुलीमुळे असू शकते, तेही सांगावे.

पहिला आठवडा : दुखण्याचे रूप

पहिल्या रात्री ठसठस सुरू होते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सूज सर्वांत जास्त असते आणि बसले की टोचते, भरल्यासारखे वाटते, लघवीला चरचरते. चौथ्या-पाचव्या दिवसापासून हे उतरू लागले पाहिजे. रोज थोडे कमी होणारे दुखणे साधे समजावे. कमी होऊन पुन्हा वाढणारे दुखणे डॉक्टरांना दाखवावे.

गोळी कळ असह्य झाल्यावर घ्यायची नसते. पहिले तीन-चार दिवस डॉक्टरांनी लिहून दिलेल्या वेळेला, घड्याळ पाहून घ्यावी, कारण चढलेली कळ उतरवायला जास्त औषध लागते. पॅरासिटामॉल चोवीस तासांत ४ ग्रॅमपेक्षा, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या ८ गोळ्यांपेक्षा जास्त होता कामा नये. आमच्याकडे कितीतरी बायांचे वजन ५० किलोंच्या आत असते. त्यांना आणि यकृताचा आजार असलेल्यांना याहून कमी लागते, म्हणून आपला डोस विचारून कागदावर लिहून घ्यावा. सर्दीच्या अनेक गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतेच, हे लक्षात ठेवावे. डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन उपाशीपोटी घेऊ नये, आणि मूत्रपिंडाचा विकार, पोटातला व्रण किंवा दमा असेल तर डॉक्टरांना सांगितल्याशिवाय मुळीच घेऊ नये. ट्रॅमाडॉलने दुखणे थांबते, पण शौच घट्ट होते.

पहिले ४८ तास बर्फ कामी येतो. बर्फाचे तुकडे पिशवीत घालून, पिशवी स्वच्छ धुतलेल्या कापडात गुंडाळून, १०-१५ मिनिटे खालच्या जागेवर धरावी. बर्फ थेट कातडीला लावू नये. लघवी करताना तांब्याने कोमट पाण्याची धार सोडत राहिल्यास चरचर बरीच कमी होते. पुसताना पुढून मागे, घासून नव्हे तर टिपून पुसावे.

दोन दिवसांनंतर, डॉक्टरांनी सांगितल्यावर, टबात बसून शेक घ्यायला सुरुवात करावी. यात मी बायांचा गोंधळ होताना पाहते, म्हणून सविस्तर लिहिते. टब आधी साबणाने धुवून घ्यावा. उकळून कोमट केलेले पाणी चार-पाच बोटे भरेल इतके घ्यावे आणि तान्ह्या बाळाच्या अंघोळीला पाहतो तसे कोपर बुडवून पाहावे. कोपराला सुखकर वाटले तर पाणी योग्य. टब जमिनीवर ठेवून त्यात उकिडवे उतरू नये. तो कमोडच्या खुर्चीवर किंवा बुटक्या स्टुलावर नीट टेकवून, कोणाचा तरी हात धरून बसावे. दहा-पंधरा मिनिटे पुरेत, दिवसातून दोन-तीनदा, आणि शौचाला जाऊन आल्यावर एकदा. पाण्यात डेटॉल, हळद, तुरटी काही घालू नये, नुसते पाणी घ्यावे. नंतर सुती कापडाने टिपून, पंख्याखाली पाच मिनिटे कोरडे होऊ द्यावे.

घरच्या मोठ्या माणसांशी एका गोष्टीवर वाद होतो तो धुरी आणि शेगडीवरून. बाळंतिणीसारखा निखाऱ्याचा शेक आणि ओव्या-शेपांची धुरी द्यायची आजीची इच्छा मायेपोटी असते, पण टाक्यांच्या जागी स्पर्शाची जाणीव कमी झालेली असते आणि भाजलेले कळत नाही. आजीला कोमट पाण्याचा टब भरून द्यायला सांगावे. तिच्या मायेला काम मिळते आणि जखमही सुरक्षित राहते. डिंकाचे लाडू खायला हरकत नाही, फक्त त्यांबरोबर पाणी भरपूर प्यावे.

शौचाची भीती

टाक्यांच्या दुखण्याहून मोठी भीती पहिल्या शौचाची असते. बाया जेवण कमी करतात, पाणी कमी पितात, चार-चार दिवस दाबून ठेवतात, आणि मग जे घट्ट शौच होते ते कुंथल्याशिवाय बाहेर पडत नाही. टाके शौचाने तुटत नाहीत. जोर लावल्याने त्यांच्यावर ताण येतो. म्हणून पहिल्या दिवसापासून लॅक्टुलोज किंवा इसबगोल जे लिहून दिले असेल ते चालू ठेवावे, आणि इसबगोलाबरोबर दोन पेले पाणी घ्यावे, नाहीतर ते उलट अडकते. दिवसभरात दोन ते अडीच लिटर पाणी जावे. उन्हाळ्यात त्याहून जास्त.

आपल्या जेवणात उपाय आहेतच. ज्वारीची भाकरी कोंड्यासकट, अंबाडीची किंवा मेथीची भाजी, मुगाचे पातळ वरण, पपई, पेरू, रात्री भिजवलेले मनुके. दोन-चार दिवस मैद्याचे टोस्ट, खारी आणि चहा यांवर काढू नयेत. रक्त कमी असल्याने लोहाच्या गोळ्या चालू असतील तर शौच काळे आणि घट्ट होते, तेव्हा त्या चालू ठेवायच्या की काही दिवस थांबवायच्या, हे विचारावे.

कमोडवर बसल्यावर पायांखाली बुटका पाट ठेवावा, पुढे वाकावे, तोंड उघडे ठेवून श्वास सोडत राहावे. श्वास कोंडला की जोर लागतोच. हाताच्या तळव्यात स्वच्छ पॅड घेऊन टाक्यांच्या जागेला बाहेरून आधार दिला की मनाची भीतीही ओसरते.

दुसऱ्या आठवड्यापासून सहाव्यापर्यंत

दहा-चौदा दिवसांच्या सुमारास टाके वाळू लागतात. ते ओढतात, खाजतात, आणि पॅडवर दोऱ्याचे बारीक तुकडे दिसतात. पिवळसर-तपकिरी पाणी किंवा किंचित रक्त या दिवसांत पुन्हा थोडे वाढते. "टाके गळाले" म्हणून घाबरून जाण्याचे कारण नाही. अंगावरून जाणे तीन-चार आठवडे, काहींना सहा आठवडेही चालते. या काळात आत काहीही घालू नये : टॅम्पॉन नाही, पाण्याची पिचकारी नाही, बोट नाही. नदी, विहीर, तलावात उतरू नये.

आणि मग येतो तिसरा आठवडा. आत विरघळणारा जो धागा पुष्कळदा वापरतात, त्याची ताकद तीन आठवड्यांत साधारण निम्मी होते, आणि तो पूर्ण विरघळायला ५६ ते ७० दिवस लागतात. शरीराने विणलेला नवा पापुद्रा त्या वेळी कोवळा असतो. म्हणजे शिवण ढिली पडत आहे आणि जोड अजून पक्का झालेला नाही, अशा मधल्या दिवसांत बाईचे दुखणे थांबलेले असते. परळीच्या बाजूची एक बाई विसाव्या दिवशी पुन्हा वॉर्डात आली. गल्लीत टँकर आला, सून कामावर गेलेली, म्हणून तिने एकच हंडा उचलला होता. "एकच उचलला हो सिस्टर", हे ती दोनदा म्हणाली. मधला टाका उसवला होता, आणि जखम आतून भरून यायला तिला पुढचे दोन महिने लागले. तिला दोष देण्याचे धाडस मला झाले नाही. पाणी सोडून देणे आमच्याकडे कोणाला परवडते? पण तेव्हापासून घरी सोडताना मी सोबतच्या माणसाला हिशेब करून दाखवते : एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, पंधरा लिटरचा हंडा म्हणजे पंधरा किलो, आणि परवानगी आहे फक्त चार-पाच किलोंची. नातू कडेवर घेणेही याच हिशेबात येते. तो बसलेल्या आजीच्या कुशीत दुसऱ्याने आणून द्यावा.

मांडी घालून जमिनीवर बसणे, उकिडवे बसून भांडी घासणे किंवा भाकरी थापणे, वाकून खुरपणे, हे सहा आठवडे टाळावे. ओट्याशी उभे राहून हलका स्वयंपाक तिसऱ्या आठवड्यापासून चालतो. बसताना गोधडीची दोनपदरी घडी घ्यावी आणि दर अर्ध्या तासाने उठावे. मोटारसायकलवर मागे बसून खड्ड्यांच्या रस्त्याने जाऊ नये. तपासणीला जायचेच असेल तर एसटीत पुढच्या बाजूची जागा घ्यावी, कारण मागच्या चाकावरची जागा हाडन् हाड हलवते.

ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम डॉ. अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये मांडला, आणि सैलपणाच्या तक्रारीवर शस्त्रक्रियेआधीही तो पहिला उपाय आहे. शस्त्रक्रियेनंतर तो डॉक्टरांनी सांगितल्यावरच, बहुधा चार ते सहा आठवड्यांनी, सुरू करावा. वारा सरू द्यायचा नसेल तेव्हा जे स्नायू आपण आत ओढतो, तेच पाच सेकंद आवळून धरावेत आणि पाच ते दहा सेकंद पूर्ण सैल सोडावेत. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. पोट, मांड्या आणि श्वास आवळू नये. सैल सोडणे आवळण्याइतकेच महत्त्वाचे आहे, कारण सतत आवळलेला स्नायू स्वतःच दुखू लागतो.

कोणत्या खुणा दिसल्या की थांबायचे नाही

ताप १००.४ अंश फॅरनहाइटच्या वर गेला, स्रावाला कुजका वास आला किंवा पू दिसला, तासाभरात पॅड पूर्ण भिजू लागले किंवा रक्ताच्या मोठ्या गाठी पडल्या, सहा तास लघवी झाली नाही, किंवा योनीतून वारा अथवा शौच येऊ लागले, तर त्याच दिवशी शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णालयात जावे. एका पायाची पोटरी सुजून दुखू लागली, छातीत दुखले किंवा दम लागला, तर १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. गावातल्या कोणाकडून इंजेक्शन घेऊन रात्र काढू नये. मोठ्या उपचारासाठी छत्रपती संभाजीनगरचे घाटी रुग्णालय, तसेच अंबाजोगाई, लातूर आणि नांदेड येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत.

नवऱ्याजवळ जाणे

किमान सहा ते आठ आठवडे, आणि तेही तपासणीत जखम भरल्याचे डॉक्टरांनी सांगितल्यावर. ही सूचना बायकोच्या तोंडून नवऱ्यापर्यंत पोचावी अशी अपेक्षा ठेवणे मला अन्याय वाटते, म्हणून घरी सोडण्याच्या दिवशी मालकांना आत बोलावून डॉक्टरांनीच ती सांगावी, असा आग्रह आपण धरावा. पहिल्या वेळी ताणल्यासारखे वाटते. घाई करू नये, पाण्यात विरघळणारे वंगण वापरावे, आणि दुखल्यास थांबावे. पाळी थांबलेल्या बायांना आतला कोरडेपणा त्रास देतो. त्यासाठी इस्ट्रोजेनचे मलम डॉक्टर लिहून देऊ शकतात. तीन महिन्यांनंतरही प्रत्येक वेळी दुखत असेल तर योनीमुख प्रमाणाबाहेर आवळले गेले असू शकते किंवा व्रणाची गाठ झालेली असू शकते. त्यावर इलाज आहेत, आणि ते सोसत राहणे हे बाईचे कर्तव्य नाही.

सहा आठवड्यांची तपासणी चुकवू नये, दुखत नसले तरीही. तेथे चार गोष्टी विचारून घ्याव्यात : जखम पूर्ण भरली का, वजन किती उचलायचे, व्यायाम कोणता, आणि पुढे बाळंतपण झाले तर ते कसे करायचे. डिस्चार्ज कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून रेशनकार्डाबरोबर ठेवावे. पुढे कधीही मूत्राशयाची, पिशवीची किंवा मूळव्याधीची तपासणी झाली, तर कोणती भिंत शिवली आहे हे त्या डॉक्टरांना त्याच कागदावरून कळेल.